कुरणावरच्या बीफ गाईचं दूध किती? नवख्यांसाठी अंदाज बांधण्याची रीत

दुधाळ गाईचं दूध मोजायला बादली आणि काटा पुरतो. बीफ गाईचं, म्हणजे मांसासाठी वासरं वाढवणाऱ्या गाईचं दूध मात्र बादलीत कधी येतच नाही. गाय कुरणावर चरते, वासरू आसपास हुंदडतं, दिवसातून चार-सहा वेळा येऊन लुचतं आणि दूध कासेतून थेट त्याच्या पोटात जातं. धार काढून घ्यायची या गाईला सवय नसते. अनोळखी हात सडाला लागला की ती पान्हा चोरते, लाथ मारते ते वेगळंच.

त्यामुळे इथे हाती येतो तो अंदाज. तो नीट बांधला तर वासरांची वाढ, गाईंचा खुराक आणि पुढच्या वर्षीची गाभण जनावरं या तिन्ही गोष्टींचं कोडं बरंच सुटतं. घाईत बांधला तर वहीत फक्त आकडे जमतात. नवख्या माणसाचं सगळं लक्ष काट्यावर असतं. माझा अनुभव असा की हा अंदाज काट्याआधी घड्याळावर आणि रिकाम्या कासेवर उभा असतो. कास पूर्ण रिकामी कधी झाली हे मिनिटासकट माहीत असेल, तरच पुढचं वजन काही सांगतं.

आधी हेतू ठरवा

एकेका गाईचा अचूक आकडा हवा आहे, की कळपाचा किंवा एका गटाचा सरासरी आकडा? या प्रश्नाचं उत्तर आधी वहीत लिहून ठेवा. एका गाईचं एका दिवसाचं माप फार हेलकावे खातं. वासराला त्या दिवशी भूक कमी होती, गाय बावरली होती, रात्री पाऊस झाला, एवढ्यानेही आकडा एक-दीड किलोने हलतो. दहा-बारा गाईंची सरासरी घेतली की हे हेलकावे एकमेकांना बरेचसे पुसून टाकतात. चराऊ कुरण कसं वापरायचं, पूरक खुराक कधी सुरू करायचा, वासरं आईच्या दुधापासून कायमची कधी तोडायची, या निर्णयांना गटाची सरासरी पुरते. एखादी गाय ठेवायची की काढायची हे मात्र एकाच मापावरून ठरवू नका. त्यासाठी त्याच गाईची एका वेतात निदान तीन-चार मापं हवीत.

गट करताना वेत आणि व्याल्याची तारीख पाहा. पहिलारू गाय अजून स्वतः वाढत असते, तिचं दूध कमी भरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने बीफ जनावरांच्या पोषणासाठी जी गणितं मांडली आहेत, त्यांत दोन वर्षांच्या गाईचं सर्वोच्च दूध पूर्ण वाढीच्या गाईच्या ०.७४ पट आणि तीन वर्षांच्या गाईचं ०.८८ पट धरलं आहे. पहिलारू आणि पाचव्या वेताची गाय एका रांगेत लावून तुलना करणं पहिलारूवर अन्याय आहे.

रीती कोणत्या

मुख्य रीती तीन. पहिलीत वासराला पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर तोलायचं. वजनातला फरक म्हणजे त्या वेळचं दूध. दुसरीत ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा सोडवणारं संप्रेरक, देऊन मशीनने धार काढायची. तिसरी प्रयोगशाळेची: वासराला जड पाणी, म्हणजे ड्यूटेरियम असलेलं पाणी ठरावीक मात्रेत द्यायचं आणि पुढचे काही दिवस त्याच्या रक्तात ते किती झपाट्याने विरळ होतं ते पाहायचं. दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं, म्हणून विरळ होण्याच्या वेगावरून पोटात गेलेल्या दुधाचा हिशेब लागतो. या रीतीत माय-लेकरांची ताटातूट होत नाही हा मोठा गुण. पण वासरू हौदावर पाणी प्यायला आणि गवत खायला लागलं की हिशेब किचकट होतो, आणि तपासणीचं उपकरण शेतावर नसतं. ती संशोधकांसाठी सोडून देऊ.

नवख्याने पहिल्या रीतीपासून सुरुवात करावी, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितो.

आदल्या दिवशी: कास रिकामी करणं

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत. वासरं तोलता येतील असा पिंजऱ्याचा काटा, शक्यतो १०० ग्रॅमपर्यंत वाचणारा आणि जनावर हललं तरी सरासरी धरून आकडा स्थिर करणारा. माहीत असलेल्या वजनाचं एक वजन, समजा २० किलोचं. दोन कुंपणबंद आवारं, एक वासरांचं, एक गाईंचं. घड्याळ, वही आणि किमान तीन माणसं. चौथं माणूस मिळालं तर फक्त लिहायला बसवा. लिहिणाऱ्याने वासरं धरायला जाऊ नये. गोंधळ तिथेच सुरू होतो.

वासरं निदान दोन-तीन आठवड्यांची होऊ द्या. नुकत्या व्यालेल्या गाईला वासरापासून रात्रभर तोडणं बरं नाही, आणि पहिलारू तर कधी कधी परत आलेल्या वासराला जवळच घेत नाही. हगवण लागलेलं वासरू त्या दिवशी वगळा. गाईंना नव्या कुरणात हलवून एक-दोन दिवसच झाले असतील तर थांबा. चारा बदलला की दूध बदलतं, आणि तुम्ही गाईऐवजी कुरणाचा बदल मोजाल.

दुपारी एकच्या सुमाराला वासरं वेगळी करा. त्यांना सावली आणि पाणी द्या, खुराक देऊ नका. पाच-सहा तासांत ती चांगली भुकेजतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांना गाईंकडे सोडा आणि पोटभर पिऊ द्या. या वेळी काहीही तोलायचं नाही. कास रिकामी करून ‘शून्य’ मिळवणं एवढंच या पाजण्याचं काम.

नवखी माणसं हे पाजणं उरकून टाकतात. वासरू दहा मिनिटं चिकटलं, म्हणजे झालं असं धरतात. थोडं थांबून बघा. पहिल्या काही मिनिटांत वासरू एका लयीत पितं, शेपूट हलत असते, तोंडाच्या कडेला फेस जमतो. मग लय मोडते. ते ढुशा द्यायला लागतं, एक सड सोडून दुसरा धरतं, पुन्हा पहिल्यावर येतं, मागच्या पायांमधून डोकं घालून पाहतं. ढुशा वाढल्या आणि घोट ऐकू येईनासा झाला की समजा संपत आलं. कासेकडे पाहा: ताठ, चकचकीत कातडी सैल पडून तिला सुरकुत्या आलेल्या असतात. वासराने तोंड सोडून बाजूला पाय टाकला की वेळ लिहा, मिनिटासकट, त्या गाईच्या बिल्ल्यापुढे. सगळ्या गटाची एकच वेळ लिहू नका. एक वासरू बारा मिनिटांत उरकतं, दुसरं बावीस मिनिटं घेतं.

एका वेळी पाच ते आठ जोड्यांपलीकडे जाऊ नका. जास्त जोड्या सोडल्या की कोण कुणाचं पितंय हे पाहता येत नाही. काही वासरं परक्या गाईच्या मागच्या बाजूने जाऊन चोरून पितात आणि गाय आपल्याच वासराला चाटण्यात गुंतल्याने तिच्या लक्षात येत नाही. अशा चोरट्या वासराचा आकडा फुगतो आणि त्या गाईचा आटतो. दोन्ही जोड्या त्या दिवशी बाद करा.

वासरं परत आवारात घेतली की गाईंना जवळच्याच गवतावर सोडा. गाई सकाळ-संध्याकाळच्या वेळी जास्त चरतात. तो वेळ त्यांना कोरड्या आवारात काढावा लागला तर चाऱ्याअभावी दूध घटतं. कुंपणापलीकडून वासरं दिसत आणि ऐकू येत असतील तर बहुतेक गाई थोडा वेळ हंबरून चरायला लागतात. पाणी हाताशी ठेवा.

सूचना एक, आणि ती हसण्यावारी नेऊ नका: माय आणि वासरू यांच्या मध्ये कधी उभे राहू नका. एरवी गरीब असलेली गायही वासराच्या आवाजावर धावून येते. निसटायला बाजूची वाट मोकळी ठेवा आणि एकट्याने आत जाऊ नका.

पहाटे: तोलणं, पाजणं, तोलणं

सूर्य वर येण्याआधी काम सुरू झालेलं बरं. आधी काट्यावर ते २० किलोचं वजन ठेवा. काटा २० दाखवत नसेल तर वासराला हात लावू नका. हीच तपासणी मधे एकदा आणि शेवटी एकदा करा. पिंजऱ्यात शेण साचलं की शून्य सरकतं.

वासरू तोला, आकडा मोठ्याने उच्चारा, लिहिणाऱ्याने तो परत उच्चारावा. वासरू लगेच आईकडे सोडा आणि ते लुचायला लागल्याची वेळ लिहा. संध्याकाळची संपल्याची वेळ ते पहाटेची सुरू झाल्याची वेळ, एवढाच काळ हिशेबात धरायचा. पाजणं साधारण १५-२० मिनिटांत आटपतं. तोंड सोडताच वासराला पुन्हा काट्यावर घ्या. दोन वजनांच्या मधे त्याला पाणी पिऊ देऊ नका, गवतालाही तोंड लावू देऊ नका.

आता शेण-मूत. पिता पिता वासरू हमखास मुततं, आणि तेवढं वजन दुधाच्या आकड्यातून गळून जातं. यावर उपाय साधाच: पहिल्या वजनाआधी वासरांना उठवून पाच-दहा मिनिटं चालवा, बरीचशी तिथेच मोकळी होतात. तरी पिताना मुतलंच तर जमलं तर भांड्यात धरा आणि तोलून दुसऱ्या वजनात मिळवा. नाही धरता आलं तर वहीत त्या ओळीपुढे खूण करा. डोळ्यांनी अंदाज करून ‘तीनशे ग्रॅम’ वगैरे भर घालत बसू नका. खूण केलेल्या ओळी निम्म्याहून जास्त झाल्या तर सगळा दिवस पुन्हा करावा लागेल, आणि तो करावाच.

वासरू बाजूला झाल्यावर, गाय शांत असेल तर, प्रत्येक सडातून एक-दोन धारा काढून पाहा. धार सहज आणि भरघोस आली तर वासराने सगळं प्यायलेलं नाही. लहान वासरू आणि दुधाळ गाय अशी जोडी असली की हे घडतंच: वासराच्या पोटात जागाच उरत नाही. तुम्ही मोजता ती वासराची भूक असते, गाईचं दूध त्याहून जास्त असतं. वेताच्या पहिल्या महिन्यात हा घोटाळा सगळ्यात मोठा, म्हणून त्या काळात ताटातूट १२ तासांऐवजी ६ ते ८ तासांचीच ठेवा.

हिशेब

एका जोडीचा हिशेब मांडू. संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी कास रिकामी झाली. पहाटे ६ वाजून ४० मिनिटांनी वासरू लुचायला लागलं. मधे साडेअकरा तास. पिण्याआधी वासरू ९८.४ किलो, प्यायल्यावर १०१.९ किलो, मधे ०.३ किलो मूत धरलं. म्हणजे दूध ३.५ अधिक ०.३, एकूण ३.८ किलो. याला ११.५ ने भागा, २४ ने गुणा: दिवसाचं दूध ७.९ किलो. हेच सरसकट ‘१२ तास’ धरलं असतं तर उत्तर ७.६ आलं असतं, आणि मूत विसरलं असतं तर ७.३. नुसत्या बेफिकिरीने सहाशे ग्रॅम हरवले. लिटरमध्ये हवं असेल तर किलोला १.०३ ने भागा.

किती तास तोडायचं यावर नवख्यांना नेहमी प्रश्न पडतो. दोन्ही बाजूंना ओढ आहे. थोडे तास तोडलं तर काट्याची चूक मोठी होऊन दिवसावर चढते: अर्ध्या किलोची चूक १२ तासांच्या मापात दिवसाला १ किलो होते, ६ तासांच्या मापात २ किलो. फार तास तोडलं तर कास तट्ट भरते, आतल्या दाबाने दूध तयार होण्याचा वेग मंदावतो आणि आकडा खरा असावा त्याहून कमी येतो. शिवाय वासरू उपाशी राहतं. मी स्वतः दोन महिन्यांपर्यंतच्या वासरांसाठी आठ तास आणि त्यापुढे बाराच्या आत राहतो. माणसं पुरत असतील तर त्याच दिवशी लागोपाठ दुसरं आठ तासांचं माप घ्या आणि दोन्ही मापांची बेरीज करून एकूण तासांनी भागा. एका मापापेक्षा दोन मापांचा आकडा कितीतरी जास्त स्थिर असतो.

एका वर्षी माझ्याकडे एका गटाचे आकडे चमत्कारिक आले. सगळ्या गाई एकदम दीड पट दूध देत होत्या. दोन दिवस मी नवीन कुरणाचं कौतुक करत होतो. मग वेळा तपासल्या. आदल्या संध्याकाळी पाऊस आला म्हणून आम्ही वासरं सात-आठ मिनिटांत ओढून काढली होती. कास अर्धीमुर्धी भरलेलीच राहिली, ते जुनं दूध पहाटेच्या मापात जमा झालं. तेव्हापासून संध्याकाळचं पाजणं अर्धवट सुटलं तर दुसऱ्या दिवशीचं तोलणं मी रद्दच करतो.

मशीनने धार काढायची असेल तर

दुधातला स्निग्धांश, प्रथिनं तपासायची असतील तर दूध हातात यावं लागतं, आणि मग मशीनला पर्याय नाही. बीफ गाय मशीनला पान्हा सोडत नाही, कारण भ्यालेल्या जनावराच्या रक्तातलं ॲड्रेनलिन पान्ह्याच्या आड येतं. म्हणून बाहेरून ऑक्सिटोसिन द्यावं लागतं. ते कासेतल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आकुंचित करतं आणि दूध खाली उतरतं. मात्रा आणि टोचण्याची जागा पशुवैद्यानेच ठरवावी, आणि शिरेतून द्यायचं असेल तर त्यानेच द्यावं. असर काही मिनिटांतच ओसरतो, तेव्हा मशीन आधी लावायच्या तयारीत ठेवा, मग इंजेक्शन.

इथेही दोन धारा असतात. पहिली धार कास रिकामी करण्यासाठी. ते दूध मापात धरत नाहीत. वेळ लिहायची, वासरू वेगळं ठेवायचं, ठरलेल्या तासांनी पुन्हा इंजेक्शन देऊन दुसरी धार काढायची आणि तिचंच दूध तोलायचं. भागाकार-गुणाकार वरचाच. या रीतीत कासेत शिल्लक राहणारं दूधही उतरतं, म्हणून आकडा वासराच्या मापापेक्षा सहसा जास्त येतो. दोन रीतींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका. एका रीतीने सुरुवात केली की वेतभर तीच ठेवा.

जुनी एक मधली वाटही आहे. वासराला एका बाजूचे दोन सड पिऊ द्यायचे आणि दुसऱ्या बाजूची धार हाताने काढून दुप्पट करायची. वासरामुळे पान्हा सुटतो, औषध लागत नाही. फक्त डावी-उजवी अशीच विभागणी करा. मागच्या दोन सडांत पुढच्यांपेक्षा जास्त दूध असतं, कासेतलं साधारण ६० टक्के, त्यामुळे पुढचे-मागचे अशी वाटणी चुकीची ठरते.

एका दिवसावरून सगळ्या वेताकडे

बीफ गाईचं दूध व्याल्यानंतर चढत जातं, आठ-नऊ आठवड्यांच्या सुमाराला सर्वोच्च होतं आणि मग वासरू तुटेपर्यंत उतरत जातं. म्हणून ‘ही गाय आठ किलो देते’ या वाक्याला कितव्या आठवड्यात हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

वेतात चार मापं घेता आली तर उत्तम: ३०, ६०, १२० आणि १८० व्या दिवसाच्या आसपास. समजा ती ६.८, ८.०, ६.२ आणि ४.१ किलो आली आणि वासरू २०५ व्या दिवशी तोडलं. पहिले ३० दिवस ६.८ ने धरा: २०४ किलो. पुढचे ३० दिवस ६.८ आणि ८.० ची सरासरी ७.४: २२२ किलो. मग ६० दिवस ७.१ ने: ४२६. मग ६० दिवस ५.१५ ने: ३०९. उरलेले २५ दिवस ४.१ ने: सुमारे १०३. बेरीज साधारण १,२६० किलो. पहिला आणि शेवटचा तुकडा थोडा जास्तीचा धरला जातो, पण सगळ्या गाईंना तोच नियम लावला तर तुलना बिघडत नाही.

चार मापं जमत नसतील तर दूध-वक्राचा, म्हणजे व्याल्यापासून आठवड्यागणिक दूध कसं चढतं-उतरतं हे दाखवणाऱ्या रेषेचा आधार घ्या. १९६७ मध्ये वुड या संशोधकाने दुभत्या गाईंच्या दूध-वक्राचं समीकरण मांडलं, आणि १९८४ मध्ये जेन्किन्स आणि फेरेल या संशोधकांनी बीफ गाईंसाठी त्याहून सोपं रूप वापरलं. राष्ट्रीय संशोधन परिषदेनेही तेच रूप घेतलं आणि सर्वोच्च दुधाचा आठवडा ८.५ धरला. गणित करून पाहिलं तर सर्वोच्च दूध १ मानल्यास दुसऱ्या आठवड्यात ते ०.५१ येतं, चौथ्यात ०.८०, सहाव्यात ०.९५, बाराव्यात ०.९४, सोळाव्यात ०.७८, विसाव्यात ०.६१, चोविसाव्यात ०.४६ आणि अठ्ठाविसाव्यात ०.३३. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वापर असा: गटाची सरासरी बाराव्या आठवड्यात ६.५ किलो आली. तिला ०.९४ ने भागा, सर्वोच्च दूध ६.९ च्या आसपास. त्याला ०.६१ ने गुणा, विसाव्या आठवड्यात ४.२ किलोची अपेक्षा धरा. विसाव्या आठवड्यात खरोखर मोजल्यावर तीनच किलो निघालं, तर गवत कमी पडतंय का ते आधी पाहा. वक्र सरासरी गाईचा असतो. कुरण वाळलं की खरी गाय त्याच्या खाली घसरते. मला तर ही घसरणच सगळ्यात उपयोगाची माहिती वाटते. पाठीवरची चरबी उतरलेली डोळ्यांना दिसण्याआधी ती कागदावर दिसते.

पाजून तोलणं जमत नसेल तर

वासराचं जन्माचं आणि दोन महिन्यांचं वजन तरी ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत वासराचं पोट जवळजवळ दुधावरच चालतं, म्हणून त्या काळातली वाढ आईच्या दुधाचा बऱ्यापैकी आरसा असते. एक किलो वाढीमागे ढोबळमानाने १० किलो दूध धरतात. वासरू रोज ८०० ग्रॅम वाढत असेल तर आई रोज आठ किलोच्या आसपास देत असावी. चौथ्या महिन्यापासून वासरू मनापासून चरायला लागतं आणि हा आरसा धूसर होतो. सहाव्या महिन्यातल्या वजनावरून दूध ओळखू पाहणाऱ्याची फसगत होते, कारण त्यात वासराचा बापही बोलतो आणि गवतही.

कासेच्या आकारावर जाऊ नका. मोठी, लोंबती कास म्हणजे जास्त दूध असं नसतं. कित्येकदा ती सैल पडलेल्या बंधाची आणि फुगलेल्या सडांची असते, आणि नवजात वासराला तो जाड सड तोंडात धरताच येत नाही.

वळूंच्या यादीत ‘दूध’ नावाचा एक आकडा छापलेला असतो. तो वाचताना नवखे हमखास चुकतात. तो दुधाचं माप नसतो. त्या वळूच्या मुलींची वासरं, आईच्या दुधामुळे आणि सांभाळामुळे, तोडताना किती वजन जास्त भरतील याचा तो अंदाज असतो. एकक वासराच्या वजनाचं.

हाती आलेल्या आकड्याचं करायचं काय

चार टक्के स्निग्धांशाच्या एक किलो दुधात साधारण ०.७२ मेगाकॅलरी ऊर्जा असते. आठ किलो देणारी गाय रोज पावणेसहा मेगाकॅलरी कासेतून बाहेर पाठवते, चार किलो देणारी त्याच्या निम्मी. ही ऊर्जा गवतातून आली नाही तर अंगावरून जाते. म्हणून दुधाच्या आकड्याशेजारी त्या दिवशीचा गाईचा शरीर-गुणांक, म्हणजे अंगावरचं मांस आणि चरबी पाहून दिलेला गुण, लिहायलाच हवा, १ (हाडकुळी) ते ९ (अति लठ्ठ) च्या मापात. त्याच्या शेजारी कुरणाची स्थितीही एका ओळीत लिहा.

मग वही वाचा. दूध बरं, गुणांक पाच-सहा, गवत भरपूर: काही करायला नको. दूध कमी, गुणांक चांगला: गाय खातेय ते अंगाला लावतेय, वासराला नाही, पुढच्या वेतात पुन्हा मोजून मग तिच्याबद्दल ठरवा. दूध भरपूर आणि गुणांक चारच्या खाली: ही गाय वासराला भरभरून देते आणि स्वतः माजावर यायला उशीर करते. कुरण तोकडं असताना अशा गाई पुढच्या हंगामात रिकाम्या राहतात, आणि पहिलारूंमध्ये हे जास्त दिसतं. त्यांना वेगळ्या, चांगल्या कुरणात घ्या, पूरक खुराक द्या. तेही जमत नसेल तर त्यांची वासरं इतरांच्या आधी तोडा, आणि तोडलेल्या लहान वासरांच्या चाऱ्याची सोय तोडण्याच्या आधी करून ठेवा.